एकुलता मतदार

डचांच्या राज्यात भरपूर कर भरणाऱ्यालाच मत. नदीकाठच्या आमच्या वस्तीत असा माणूस एकच, बाल्टस म्हातारा. यंदाही त्याने कर हातावर ठेवला, तेव्हा वसुलीला आलेल्या कारकुनाला राहवलं नाही.

“आजोबा, कोकोची बाग तर कधीच वाळली. नसलेल्या उत्पन्नावर कर कसला भरताय?”

“नाही भरला तर मत जाईल की रे.”

“एवढं कोणाला निवडून आणायचंय?”

“कोणी का येईना निवडून! पण मत मागायला थेट राजधानीतून, पारामारिबोहून माणसं येतात. ओसरीवर बसतात, तब्येत विचारतात.”

कारकून घुटमळला. “यंदा उमेदवार एकच आहे, आजोबा. मतदान होणारच नाही.”

म्हाताऱ्याने पाहुण्यांसाठी केलेलं आल्याचं सरबत त्याच्यापुढे सरकवलं.

“मग तू तरी बस की घटकाभर.”