काळ्या कापडाखालचे साहेब

"आली परत!" फोटोग्राफर म्हणाला आणि हातातली नळी बादलीत टाकून तसाच जमिनीवर बसला.

माशाच्या काचेच्या टाकीच्या तळाशी पांढऱ्या वाळूवर लाल, बुळबुळीत साय पुन्हा चढली होती. कालच त्याने ती नळीने ओढून काढली होती. खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे नुसती उस्तवार. पाणी बदला, मीठ मोजून कालवा, पंपाचं तोंड फिरवून प्रवाह वाढवा, माशाचं खाणं निम्म्यावर आणा. सगळं करून झालं. ती लाल बया काही हटत नव्हती.

"शेवाळ इतकं चिवट असतं होय?" बायकोने विचारलं.

"शेवाळ नाही ते. दुकानदार म्हणतो, जिवाणू आहेत. उजेडावर जगतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक."

"बारीक म्हणे! आणि धडधाकट माणसाचा जीव काढतात."

टाकी त्यांच्या मुलाची. तो अपघातात गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याने आणलेल्या माशांपैकी आता एकच उरला होता. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, त्यातला मधला डाव्या बाजूला अर्ध्यावरच तुटलेला. मुलाने त्याचं नाव 'साहेब' ठेवलं होतं, कारण कुणी काचेजवळ गेलं की तो आधी पाठ फिरवायचा.

मुलगा गेला त्या वर्षी बायको भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग एके सकाळी उठली, ती साहेबांना खायला घालायला. तेव्हापासून रोज "काय साहेब, उठलात का?" हे कानावर पडल्याशिवाय फोटोग्राफरला चहा गोड लागत नसे. खरं सांगायचं तर त्याला टाकीचा वीट आला होता. कंबर गेली, गुडघे गेले. पण साहेब गेले तर ही पुन्हा भिंतीकडे वळेल, या एका धास्तीपोटी तो बादल्या उचलत होता.

शेवटी दुकानदाराने हमखास उपाय सांगितला. दिवे बंद, टाकीवर काळं कापड आणि तीन दिवस मिट्ट अंधार. मधे उघडून बघायचं नाही.

"फक्त मासा म्हातारा आहे हो तुमचा," तो म्हणाला. "ही घाण मरताना पाण्यातली हवा खाते. हवेचा पंप चालू ठेवा. पुढचं काही माझ्या हातात नाही."

स्टुडिओला टाळं लागल्यापासून तिथलं काळं कापड माळ्यावर धूळ खात पडलं होतं. दोघांनी ते झटकून टाकीभोवती गुंडाळलं.

"सांभाळून हं साहेब," बायको कापडाला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही नका हो इतका जीव टांगणीला लावू."

"मी कुठे लावलाय?" तो वैतागून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेली आणि त्याला राहवेना. कापडाचा कोपरा उचलून त्याने टॉर्च मारला. वाळू बरीचशी पांढरी झाली होती. आणि त्या वाळूवर साहेब आडवे पडले होते.

जाळीने त्याने साहेबांना बाहेर काढलं, रुमालात गुंडाळलं आणि गच्चीतल्या कोपऱ्यातल्या कुंडीत पुरलं. धड रडायलाही सवड नव्हती. आत नळ बंद झाला होता.

तसाच दुसरा मासा आणायला हवा होता, पण सकाळभर बाहेर पडायला निमित्त सुचेना. दुपारी तो जरा लवंडला आणि मेल्यासारखा झोपला. जागा झाला तेव्हा बायको दारात चपला काढत होती.

"चष्म्याची दांडी ढिली झाली होती, बसवून आले," ती म्हणाली. "तुम्हाला म्हटलं उठवायला नको."

संध्याकाळी तो गोळ्या आणायला म्हणून निघाला आणि थेट माशांच्या दुकानात गेला.

"तसाच हवाय? नशीब तुमचं. जोडी होती, एक दुपारीच विकला गेला. हा एकटा राहिलाय," दुकानदार म्हणाला.

याचा मधला पट्टा चांगला अख्खा होता. पण दुसरा इलाज काय होता?

घरी येतो तो बायको म्हणाली, "मी जरा शेजारी जाऊन येते." देव पावला! पाण्याची सवय व्हावी म्हणून त्याने पिशवी टाकीत तरंगत ठेवली, मग कापडाखाली हात घालून अलगद मासा सोडला. नवा जीव बुजू नये म्हणून टॉर्चही लावला नाही. उभा जन्म अंधारात चाचपडत फिल्म भरण्यात गेलेला; हातांना उजेड लागत नव्हता.

जेवताना तो भात नुसता चिवडत राहिला. पट्ट्याचं काय सांगायचं? तर तिनेच विषय काढला.

"अहो, इतक्या अंधारात माशाचा रंग बदलत असेल का हो? तुटलेला पट्टा-बिट्टा भरूनही येत असेल, नाही?"

"येतो की!" तो घाईघाईने म्हणाला. "दुकानदार अगदी हेच म्हणत होता."

"हो ना? मग बरं," ती म्हणाली आणि न विचारता त्याला आणखी वाढलं.

बिचारी, त्याला वाटलं. परस्पर सुटलं कोडं. त्या रात्री त्याचा डोळा लागला.

तिसरा दिवस सरला तसं दोघांनी दोन टोकं धरून कापड ओढलं. पाणी लख्ख होतं. वाळूवर, दगडांवर, काचेवर लाल रंगाचा मागमूस नव्हता. इतक्या महिन्यांची हमाली फळाला आली होती आणि त्याच्यात आनंद मानायचं त्राण नव्हतं.

दगडामागून नारिंगी डोकं बाहेर आलं. मग सगळं अंग. पट्टा अख्खा.

"बघ, बघ कसा भरून आला—" तो म्हणाला आणि थांबला.

पहिल्यामागोमाग दुसरा मासा आला. त्याचाही पट्टा अख्खा होता.

हवेचा पंप बुडबुडत राहिला. बायकोने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"यातला तुमचा कुठला?" तिने हळूच विचारलं.