मशीनचा आवाज

"बाबा, नुसतं गुडघ्यापर्यंत!" लेकीनं हात धरून ओढलं.

"नाही गं बाई. आजीच्या गळ्याची शपथ घेतलीय मी, पाण्यात उतरणार नाही म्हणून."

"मग सुटली म्हणायचं!"

"ते आजीनं म्हणावं लागतं. मी म्हणून काय उपयोग?"

वाळूवर चादर अंथरता अंथरता त्याच्या बायकोला हसू आलं. थोरला भाऊ नदीत बुडाला तेव्हा आईनं घ्यायला लावलेली शपथ. आता टक्कल पडायला लागलं तरी गडी पाळतोय! परक्या देशात येऊन, समुद्र बसनं अर्ध्या तासावर असूनही, आज पहिल्यांदा इथवर आले होते. तेही तिनं महिनाभर भुणभुण लावली म्हणून.

"जा हो," ती म्हणाली. "सासूबाईंना काय तिथून दिसतंय? पोरीचं मन मोडू नका."

तो पँट दुमडून गेला. पुढे लेकीची पिवळी टोपी, मागे त्याचं टक्कल.

आणि नेमका फोन वाजला. सासूबाईंचा, रविवारचा. उचलला नाही तर उचलेपर्यंत लावत राहणार, हे ठरलेलं. तिनं कॅमेरा बंद ठेवून उचलला.

"काय चाललंय गं?"

"काही नाही, घरीच आहोत."

"आवाज कसला येतोय तो?"

"वॉशिंग मशीन लावलंय." थाप इतकी चटकन सुचली, की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"बरं. त्याला दे जरा."

"ते दुकानात गेलेत. लेकही गेलीय बरोबर."

"मग थांबते मी. येतीलच."

तिनं पाण्याकडे पाहिलं. माणसंच माणसं. पिवळी टोपी काही दिसेना. टक्कलही दिसेना.

"शेजारच्या मांजरीनं आपल्या माळ्यावर पिल्लं घातलीत," सासूबाई सांगत होत्या. "एक तर नुसतं कापसासारखं..."

"हो का? अगं बाई!" ती उठली. चप्पल तिथंच राहिली. मीच पाठवलं त्यांना. नको नको म्हणत होते, मीच पाठवलं. ती ओल्या वाळूवर आली, मग घोट्याएवढ्या पाण्यात. हाक मारावी तर कानाला सासूबाई. फोन ठेवावा तर काय सांगून ठेवावा?

"रात्रभर ओरडतात मेली," सासूबाई म्हणाल्या.

"हो ना. भूक लागत असेल." आपण काय बोलतोय, तिचं तिलाच कळत नव्हतं.

तेवढ्यात जोरात शिट्टी वाजली. लोकांवर लक्ष ठेवायला उंच खुर्चीवर बसलेला माणूस उडी मारून धावत सुटला. त्याच्यामागे आणखी दोघं. देवा, असलं काही दाखवू नकोस, पुन्हा या जन्मात समुद्राचं नाव काढणार नाही. ती त्यांच्यामागे पळाली.

फोनवर मांजरीची पिल्लं थांबली होती.

"आई? आहात ना?"

"आहे."

नुसता श्वास ऐकू येत होता.

त्या माणसांनी पाण्यातून एका आडदांड पोराला बाहेर आणलं. दमला होता, खोकत होता, पण धड होता. कुणाचा तरी दुसऱ्याचा पोरगा. तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. पुन्हा तिची नजर भिरभिरत राहिली.

मग खडकांच्या पलीकडे ते दिसले. तो कमरेपर्यंत भिजून वाळूत पाय पसरून बसला होता आणि लेक त्याच्या पायांवर ओंजळीनं वाळू ओतत होती. टोपी वाळूनं भरून शेजारी पडली होती.

ती मटकन खाली बसली. तोंडावर हात दाबला, तरी हुंदका फुटायचा तो फुटलाच.

"सापडली का गं दोघं?" सासूबाईंनी विचारलं.

तिला खोटं सुचेना. "हो," ती म्हणाली.

"मग त्या मशीनपासून जरा लांब आण त्यांना. डोकी कोरडी कर." सासूबाई खाकरल्या. "आणि त्याला म्हणावं, आई म्हणाली, सुटली."