फलकावरची जिबेक

सात वाजता येतो म्हणालेले कामगार नऊला आले आणि तिथंच कुबानिचचा घात झाला.

फलकाची वरची कड सुटली. तीन मीटर उंच, सहा मीटर लांब कापड पुढं झुकलं आणि जिबेकचं कपाळ तिच्याच डोळ्यांवर आलं. खाली विद्यापीठाचं नाव आणि ‘इथे प्रत्येकासाठी जागा आहे’ ही ओळ तेवढी ताठ उभी राहिली. कुबानिचनं मान फिरवली. पोटची पोर अशी उतरवली जाताना बघायला काळीज दगडाचं लागतं. त्याचं तसं नव्हतं.

मान फिरवली तर समोरच्या बसथांब्यावरून त्याची बायको, बुरुल, रस्ता ओलांडून येत होती. हातात चहाचा थर्मास. फेब्रुवारीत जिबेक गेली, चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, आणि त्यानंतर बुरुल जी बिश्केकला बहिणीकडे आली ती गावी, अत-बाशीला, परत गेलीच नाही. रोज सकाळी या थांब्यावर येऊन बसायची, लेकीकडे बघत. तिकडे गाई आटल्या, धाकटी मुलगी शेजाऱ्यांकडे जेवू लागली, आणि कुबानिच स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वावरू लागला. बायको घरी यावी, एवढंच त्याला हवं होतं. म्हणूनच तर ती यायच्या आत हे सगळं उरकायचं होतं.

“थांबवा ते!” बुरुल खालूनच ओरडली. “कोणी सांगितलं काढायला?”

“आम्हाला कागद आलाय, आपा,” क्रेनच्या पाळण्यातला कामगार म्हणाला. “कागदाला विचारा.”

कुबानिचनं नजर जमिनीकडे वळवली.

परीक्षेचे दिवस होते. फाटकातून आत जाणारी पोरं थबकली. चार महिन्यांत त्यांनी एक रीतच पाडली होती. पेपरला जाताना फलकाच्या खांबाला हात लावायचा, कारण जिबेक कायम पहिली यायची.

“अहो दादा, दुपारी माझा गणिताचा पेपर आहे!” एक उंच मुलगी वर बघून म्हणाली. “संध्याकाळी काढा की!”

“पुस्तकाला हात लावला असतास तर खांब लागला नसता,” मागून कोणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसली. मग त्यांना बुरुल दिसली आणि हसू जागच्या जागी विरलं. त्या उंच मुलीनं पुढं होऊन तिच्या हातातला कलंडलेला थर्मास काढून घेतला. “द्या आपा, सांडेल.”

तेवढ्यात जाहिरात विभागाची चोल्पोन फाईल छातीशी धरून आली.

“सलाम, आपा. नवे प्रवेश सुरू झालेत ना, आता नवा चेहरा लावायचाय.” तिनं कुबानिचकडे पाहिलं. त्यानं हळूच मान हलवून नको म्हटलं. तिला ते दिसलं नाही, किंवा दिसूनही तिनं पाहिलं नाही. “आणि अर्ज तर तुमच्याच घरून आलाय. तुमच्या यजमानांनी, या आकेंनी, स्वतः सही केलीय. कुटुंबाची इच्छा आहे म्हणून काढतोय आम्ही.”

अर्ज लिहून आणला होता तो चोल्पोननंच. आईबाप मुलांना घेऊन प्रवेशासाठी त्याच थांब्यावर उतरत, आणि बुरुल त्यांना फलक दाखवून सांगे, ही माझी मुलगी. वसतिगृहात जागा नाही म्हणाले, म्हणून भाड्याच्या खोलीत राहायची. कोळशाच्या शेगडीचा धूर कोंडला आणि झोपेतच गेली. मग ते आईबाप फलकावरची ओळ पुन्हा एकदा वाचत, आणि त्यातले काही आल्या पावली परत जात. विद्यापीठाच्या नावाला हे परवडणारं नव्हतं. कुबानिचला ते सगळं कळत होतं. कळत असूनही त्यानं सही केली होती.

“तुम्ही?” बुरुल म्हणाली.

“घरी चल,” तो म्हणाला. “घरी चल गं.”

तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर त्यानं सुखानं ऐकून घेतल्या असत्या.

शेवटचा पट्टा सुटला. कामगारांनी कापड खाली आणलं आणि घडी घालण्याआधी हिरवळीवर पसरलं. चेहरा वर, आभाळाकडे.

“घेऊन जा, आके,” कामगार कुबानिचला म्हणाला. “गवताच्या गंजीवर टाकायला फार छान. थेंब आत जात नाही. गावाकडची माणसं मागून नेतात.” त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. चोल्पोन फाईलमध्ये उगाच काहीतरी शोधू लागली.

बुरुल कापडाच्या कडेशी गेली. वाकून तिनं पायातले रबरी जोडे काढले आणि गवतावर शेजारी शेजारी ठेवले, घरातल्या लोकरी गालिच्यावर पाय ठेवण्याआधी काढतात तसे. नुसत्या मोज्यांनी ती अक्षरांवरून चालत गेली, हनुवटी ओलांडली आणि गालापाशी बसली. जिबेकच्या एका डोळ्याखाली कापडाला चुणी पडली होती. ती तळव्यानं सपाट करत राहिली. चुणी जाईना.

पोरं पेपर विसरून उभी होती. कुबानिच कडेशी घुटमळला. ती उठणार नाही हे त्याला दिसत होतं, आणि तिला एकटीला तिथं बसू देणंही त्याच्याच्यानं होईना. शेवटी मन घट्ट करून त्यानं एक पाय कापडावर टाकला.

“बूट काढून या,” बुरुल वर न बघता म्हणाली.