गाडग्याचा स्वेटर

मयुरा भट्टीचं दार उघडत होती आणि सुधन्वा मनातल्या मनात मातीला सांगत होता, अजून थोडी आकस. प्लीज यार. एक्कावन्नपर्यंत ये.

बाकी सगळ्यांना साठ हवे होते. बाकी सगळे म्हणजे त्याचे बाबा पद्माकर आणि गुरुग्रामच्या या बेसमेंटमध्ये कुंभारकाम शिकवणारी मयुरा. भट्टीत एक दह्याचं गाडगं होतं. त्याच्या पोटाचा घेर बरोबर साठ सेंटिमीटर भरायला हवा होता, कारण स्वेटरचा घेर तेवढा होता.

स्वेटर गाडग्याचाच. गाझियाबादच्या जानेवारीत दही लागत नाही, म्हणून सुधन्वाच्या आईने, कुमुदने, गाडग्याला स्वेटर विणला होता. तीन बटणांचा, बिनबाह्यांचा. गाडग्याला हात नसतात, एवढा व्यवहार तिने पाळला होता. ऑक्टोबरात ती गेली. तेराव्याला कोणाचं तरी कोपर लागून गाडगंही गेलं. स्वेटर राहिला.

तेव्हापासून बाबा दर रविवारी दोन मेट्रो बदलून इथे येत. ओली माती वाळून, भाजून होईपर्यंत बारा टक्के आकसते, हे मयुराने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाबांनी साठात बारा टक्के मिळवले. केंद्र सरकारात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला टक्के मिळवायचेच माहीत असतात. गाडगं एकोणसाठ भरलं.

"मिळवायचे नाहीत काका, भागायचं," मयुरा म्हणाली होती. "साठ भागिले पॉइंट अठ्ठ्याऐंशी. ओलं गाडगं अडुसष्टचं हवं. पण जाऊ दे ना, एक सेंटिमीटर लोकर सावरून घेते."

"सैल बसला तर गार हवा आत जाते," बाबा म्हणाले आणि त्यांनी दुसरं गाडगं करायला घेतलं.

ते दुसरं आज बाहेर आलं. मयुराने जाड हातमोज्यांनी ते टेबलावर ठेवलं, निवू दिलं, मग पोटाभोवती टेप गुंडाळली.

"साठ," ती म्हणाली. "काका, बिल्कुल साठ."

बाबा पुढे झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि टेप स्वतः वाचली. मग मागे न बघता हात पुढे केला. "सुधन्वा, काढ."

स्वेटर लॅपटॉपच्या बॅगेत होता. काल त्याला आंबूस वास येत होता, म्हणून सुधन्वाने तो शर्टांबरोबर मशीनमध्ये टाकला. नवं गाडगं, स्वच्छ स्वेटर, एवढाच विचार. पाणी किती गरम ठेवायचं ते त्याला माहीत नव्हतं. त्याने साठ ठेवलं. घरात तीन महिने दुसरा आकडाच ऐकू आला नव्हता.

"बाबा," तो म्हणाला, "स्वेटर सिकुडला."

बाबांनी तो हातात घेतला. घोंगडीच्या तुकड्यासारखा घट्ट झाला होता. त्यांनी तो गाडग्याला घालून पाहिला. खालून ओढला, वरून ओढला. बटणं आणि काजं यांच्यामध्ये पाच बोटं माती उघडी राहिली.

"आटला," बाबा म्हणाले.

"हं?"

"सिकुडला नाही. माती आकसते, लोकर आटते. आटला म्हणतात."

"आटला, बाबा."

बाबांनी स्वेटर काढून नाकाजवळ नेला. बराच वेळ तिथेच धरला.

"काय घातलंस?"

"लॅव्हेंडर."

"चांगलाय वास."

त्यांनी स्वेटरला टेप लावून पाहिली, खिशातून डायरी काढली, साठवर रेघ मारली आणि मयुराकडे वळले. "माझंच चुकलं. मोजताना मी ताणून धरला असणार. एक्कावन्नच असेल तो."

पहिल्या दिवशी टेपचं दुसरं टोक मयुरानेच धरलं होतं. तीनदा मोजायला लावलं होतं त्यांनी. तिने सुधन्वाकडे पाहिलं.

"होतं असं काका," ती म्हणाली. "लोकर ताणली जाते."

"मग एक्कावन्न भागिले..." बाबा पेन शोधायला लागले. पेन हातातच होतं.

"अठ्ठावन्न," सुधन्वा म्हणाला. त्याने कालच भागून ठेवलं होतं.

बाबांनी अठ्ठावन्न लिहिलं. मग डोक्यावरची कानटोपी काढली आणि गाडग्यावर चढवली. तीही आईच्याच हातची. ती अडली नाही, सैलही पडली नाही. कानांच्या दोन पट्ट्या दोन्ही बाजूंना लोंबत राहिल्या.

"ही नव्हती मोजली तिने," बाबा म्हणाले. "टीव्ही बघत बघत विणली."

परतताना सुधन्वाच्या गाडीत त्यांनी गाडगं मांडीवर घेतलं, आटलेला स्वेटर कोटाच्या आत ठेवला. टक्कल उघडं होतं. बाहेर धुकं इतकं होतं की पुढच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसत होते.

"हीटर लाव," ते म्हणाले.

सुधन्वाने लावला. बाबांनी आपल्या बाजूच्या दोन्ही जाळ्या गाडग्याकडे वळवल्या.