दुसरा बार

पिन हलेना.

देवय्याने रायफलीचा बोल्ट चटईवर ठेवला. पुन्हा उचलला. रॉकेलमध्ये बुडवून झाला होता, गरम पाण्यात धरून झाला होता. आतलं जुनं ग्रीज लाखेसारखं घट्ट झालं होतं आणि फायरिंग पिन त्यात रुतून बसली होती. उरलंसुरलं काम तीन महिन्यांच्या पावसाने केलं होतं. चटईवर दस्ता, नळी, स्प्रिंग, दोन स्क्रू. नळीच्या तोंडाशी काइलपोळ्दाला, हत्यारांच्या सणाला, पूजेत खोचलेल्या फुलाची वाळकी पाकळी. पूजा सगळ्यांनी केली होती. रायफल उघडून कुणी पाहिली नव्हती.

आतल्या खोलीत अप्पांचा श्वास.

मग काही नाही.

मग श्वास.

डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. आता दुपारचे तीन वाजत आले होते. मुत्तण्णाने, म्हणजे देवय्याच्या वडिलांनी, अप्पांनी, औषध मागितलं नाही, पाणी मागितलं नाही. रायफल झाली का, एवढंच दर थोड्या वेळाने विचारलं. मुलगा झाला की घरातून एक बार उडतो. माणूस गेलं की दोन, लागोपाठ. डोंगर उतरणाऱ्या प्रत्येकाला ते मोजता येतात.

बावीस वर्षांपूर्वी याच अंगणातून, याच रायफलीचा, एकच उडाला होता.

तेव्हा आजोबा गेले होते. दुसऱ्या बाराला पिन आतच अडकली. अर्धा गाव हसत हसत चढण चढून आला. एका म्हातारीने बाळंतिणीसाठी केळ्यांचा घड आणला होता. अंगणात प्रेत पाहून ती तो पदराखाली लपवायला लागली. घड मोठा होता. लपेना. सगळ्यांना दिसलं.

त्याच दिवशी अप्पा धाकट्या भावाला, कुट्टय्याला, बापाच्या प्रेतासमोर बोलले. साफ करायचं काम तुझं होतं. कुट्टय्या म्हणाला, शेवटची शिकारीला तू नेलीस. वर्षाच्या आत कॉफीच्या मळ्यातून कुंपण गेलं. पलीकडे काकाचं घर, इथली खोकल्याची उबळ तिथे ऐकू जाईल इतकं जवळ. तेव्हापासून शब्द नाही.

श्वास.

त्याची आई, अव्वा, मागच्या दाराने आत आली. आज तिसऱ्यांदा. पायांना कुंपणाकडची लाल माती. खोबरेल आणायला गेले होते, म्हणाली. खोबरेल देवय्याच्या गुडघ्यापाशीच होतं. त्याने ते पाहिलं, पण त्याचं डोकं पिनेत होतं. त्याने हातोडी उचलली.

"ठोकू नकोस," आतून आवाज आला. आवाज कसला, नुसती हवा. "रोज कॉम्प्युटर उघडतोस म्हणे. लाकडाने टिचक्या मार. तोंड खाली धरून."

देवय्याने पळीचा लाकडी दांडा घेतला. एक टिचकी. दोन. सात. अकरा.

टक.

पिन चटईवर पडली. काळी, बोटाएवढी, साधी.

"पडली," अप्पा आत म्हणाले. एक श्वास. मग, "आता घाई कर. मी थांबलोय, पण फार नाही."

देवय्याने पिन पुसली. स्प्रिंग बसवली, नळी दस्त्यावर चढवून दोन्ही स्क्रू आवळले. राहिली फक्त नखी, बोल्टच्या तोंडाशी असते ती, वाजलेलं काडतूस मागे ओढणारी. तिची खिळी तांदळाच्या दाण्याएवढी. बोटं तेलकट. खिळी भोकात जाईना. गेली. बाहेर आली. परत घातली. तिरकी बसल्यासारखी वाटली. काढून नीट बसवायला हवी होती.

आत

काही ऐकू येईना.

त्याने मोजलं. दहा. वीस. चाळीस. त्याने अंगठ्याने खिळी दाबली. बसली, असं स्वतःला सांगितलं. साठ.

अव्वा दारात येऊन उभी राहिली. तिने फक्त मान हलवली.

देवय्याने बोल्ट रायफलीत सरकवला, काडतुसं भरली आणि तो अंगणात गेला. नळी आभाळाकडे धरली. चाप ओढला.

एक.

सिल्व्हर ओकवरून कावळे उठले. त्याने बोल्ट मागे खेचला. बोल्ट रिकामा मागे आला. नखी कुठेतरी उडाली होती. वाजलेलं काडतूस नळीतच होतं. त्याने नखाने ओढलं. चाकूच्या टोकाने ओढलं. काडतूस गरम होतं आणि हलत नव्हतं.

(इथे दुसरा.)

खालच्या वळणावर एक जीप थांबली. कुणीतरी खुशीत ओरडून विचारलं, कुणाकडे झाला रे मुलगा?

(इथे.)

देवय्याच्या हातातून चाकू पडला. तो उचलायला तो वाकला नाही. चढणीवर पावलं वाजायला लागली होती. एक बाई हसत होती.

मग बार उडाला.

कुंपणाच्या पलीकडून. काकाच्या अंगणातून, कॉफीच्या झाडांवर धुराचा एक पुंजका वर आला आणि तिथेच रेंगाळला. चढणीवरचं हसणं मध्येच तुटलं. पावलं थांबली, आणि मग हळू चालायला लागली.

अव्वाने पदर डोक्यावरून घेतला.

"दोन झाले," ती म्हणाली. "ओट्यावर उंच खुर्ची ठेव. तुझ्या काकाला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही हल्ली."