स्वस्तातली ऊब

"विजेचा हीटर नको, बिल फार येतं," सदाशिवराव म्हणाले. "वर्षातून दहा दिवस तर यायचं इथं. भीमराज, स्वस्तातलं काहीतरी सांग."

कळंबच्या पुढे, जंगलाला लागून त्यांची लाकडी बंगली होती. भीमराज तिची राखण करायचा. डिसेंबरची थंडी फळ्यांच्या फटींतून सरळ आत येई. त्यांच्या पत्नी कोकिळाबाई दोन शाली पांघरूनही कुडकुडत होत्या.

"गॅसवालं आणलं तं सिलिंडर पुरत नाही, सायेब. लाकूड तोडलं तं फारेस्टवाले धरतेत. शेगडी बरी."

"मग तेच कर. पऱ्हाटी तर तुमच्याकडे फुकटच असेल."

असणारच. यंदा बोंडअळीनं कपाशी खाल्ली, लोकांनी तिची उभी झाडं, म्हणजेच पऱ्हाटी, उपटून बांधावर टाकली होती. भीमराजनं नुसती मान हलवली.

सदाशिवराव कपाशीच्या औषधाच्या कंपनीतले बडे साहेब. सप्टेंबरात तेच औषध फवारता फवारता भीमराजचा पोरगा रोशन वावरात कोसळला. जीव वाचला, डोळे गेले. साहेबांनी गावात बैठक घेऊन सांगितलं, औषध अगदी निर्धोक आहे, पोरं दारू पिऊन फवारतात. भीमराजला ते पटलं. एवढा शिकलेला माणूस, तो कशाला खोटं बोलेल? त्यानं दवाखान्यात जाऊन आंधळ्या पोराला विचारलं, "किती पेला होता बे?"

रोशननं तोंड फिरवलं. तेव्हापासून तो बापाशी बोलला नव्हता. त्या एका प्रश्नापायी भीमराजला घास गोड लागत नव्हता.

संध्याकाळी त्यानं भारा आणला, काड्या मोडून शेगडी पेटवली, खिडकी बोटभर उघडी ठेवली. खोली छान तापली. कोकिळाबाईंनी शाल उतरवली. साहेब खुर्ची ओढून शेगडीशी बसले.

"वा. फुकटात काम झालं."

भीमराज दाराशीच उभा होता.

"सायेब, आधीच सांगाले पायजे होतं. रोशननं तुमचं औषध फवारलं ना, त्याच वावरातली पऱ्हाटी हाय हे."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्ची उलटली.

"कोकिळा, बाहेर हो. पदर लाव नाकाला, श्वास घेऊ नकोस." मग भीमराजवर ओरडले, "अक्कल गहाण टाकलीस का? विष आहे ते. माणूस मरेल."

दोन मिनिटांत गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली. बंगलीचं दार तसंच उघडं राहिलं.

भीमराजनं शेगडी विझवली आणि घरी आला. रोशन ओसरीत बसला होता. बापानं खाली बसून पोराचे पाय धरले.

"माफ कर मले. दारूचं इचारलं म्या तुले. इष हाय ते, सायेब सोताच बोलला आज."

रोशन तीन महिन्यांनी पहिल्यांदा बोलला, "कायले बोलला तो?"

"शेगडीत तुह्या वावरातली पऱ्हाटी हाय म्हणलो."

रोशननं पाय ओढून घेतले. "काय केलं हे, बाबा? आत बाई बी होती ना."

"पऱ्हाटी कोठची? आपल्या गोठ्याच्या कुडातल्या तुरीच्या जुन्या काड्या होत्या. औषधाचा थेंब नाही त्यावर."