नवी जोडी
बारावी व्होकेशनलच्या कचरूला शाळेनं कारखान्यात शिकायला धाडलं, आणि पत्रा कापायच्या मशीनमध्ये त्याची दोन बोटं गेली. हातमोजे घातले नसतील तर विमा मिळत नाही, म्हणून विम्याचे साहेब यायच्या आत शाळेचे सर हातमोज्यांची नवी जोडी घेऊन दवाखान्यात पळत आले. त्यांनी ती फरशीवर घासली, तिला ग्रीस फासलं, खिशातून कात्री काढली. कान सारखे जिन्याकडे. “कोणती बोटं रे? जल्दी सांग.” कचरूनं पट्टी बांधलेला हात पोटाशी धरला. “कारखान्यात हातमोजे हायेतच कुठं, सर?” “माहितीय! तुझ्याच भल्यासाठी करून राह्यलो ना मी?” जाफराबादहून आलेली आई कळवळली, “सांग रे बाबा, सर म्हणतेत तसं.” जिन्यावर बूट वाजले. सरांनी अंदाजानंच हातमोज्याच्या दोन बोटांना कात्री लावली. “कापू नका, सर,” कचरू म्हणाला. “माझ्या मशीनवर आज तुम्ही आपल्या वर्गातल्या मच्छिंद्रला उभं केलंय. त्याला द्या.”